चार फूट

"शमुवेलभाऊ, गुरुजी गेले," पाळकसाहेब म्हणाले.

मी देवळात सतरंज्या झटकत होतो. मे महिना होता, सकाळचे सात वाजले होते, आणि ऊन एवढ्यातच खिडकीतून निम्म्या देवळापर्यंत आलं होतं. पाळकसाहेब दारात उभे होते. घाईत चढवलेला सदरा, बटणं वरखाली लागलेली. निंबेदऱ्याच्या मंडळीत येऊन त्यांना वर्षच झालं होतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाची माती त्यांच्या हातून पहिल्यांदाच होणार होती.

"कधी?"

"पहाटे, झोपेतच. मनोरमाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा कळलं. या उन्हात जास्त वेळ ठेवता यायचं नाही. पाच वाजता माती द्यायची असं ठरलंय. पुण्याहून पुतणे निघालेत. तोवर तुमचं होईल ना?"

"होईल," मी म्हणालो.

मी सतरंजी खाली ठेवली, घंटेच्या दोराशी गेलो आणि मयताची घंटा दिली. एक ठोका, मग दहा आकडे मोजायचे, मग दुसरा. घंटेखाली उभं राहून मला बायकांचं रडणं ऐकू येऊ लागलं, आधी शाळेच्या बाजूने, मग वस्तीतून. दिनकर चक्रनारायण गुरुजी सव्वीस वर्षं मिशनच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि त्याहून जास्त वर्षं मंडळीच्या पंचांचे सेक्रेटरी. निम्म्या गावाला त्यांनी अक्षर शिकवलं होतं. मलाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मी ठोके मोजत राहिलो.

सत्याऐंशी सालची ही गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि देवळाचा शिपाई होतो. शिपाई म्हणायचं, पण काम सगळंच. झाडलोट, घंटा, बाप्तिस्म्याचं पाणी, प्रभुभोजनाची ताटं घासणं, पावसाळ्यात कौलं बघणं, आणि मागच्या दफनभूमीत कबरी खोदणं. त्या बदल्यात आवारातल्या दोन खोल्या राहायला. त्या खोल्यांत माझा जन्म झालेला, कारण माझ्याआधी हेच काम माझे वडील करत होते.

गुरुजींनी आपली जागा आधीच सांगून ठेवली होती. दक्षिणेच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, त्यांच्या आईशेजारी. त्या कोपऱ्यात खडक वर आहे हे मला ठाऊक होतं. पहारीच्या आवाजावरून खालची जमीन ओळखायला अप्पांनी मला शिकवलं होतं. आठ वाजता सुरुवात केली. दोन फूट काळी माती सहज निघाली. मग मुरूम लागला. तो टिकावाने फोडत, घमेल्याने बाहेर टाकत गेलो. अकराच्या सुमाराला पहार खणकन वाजली आणि हाताला झिणझिण्या आल्या. सगळीकडे मारून पाहिलं. चारही कोपऱ्यांत तोच आवाज. टेप टाकला. चार फुटांना दोन बोटं कमी.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. पाळकांना जाऊन सांगायचं. एकतर जागा हलवायची, नाहीतर ओढ्यापलीकडच्या खाणीवरून दोन वडार बोलवायचे. ते पाचरी ठोकून, घण घालून खडक काढतात. सहा तास हातात होते. पुरले असते.

मी वर आलो आणि लिंबाखाली बसलो.

बायको किटलीतून चहा घेऊन आली. सालोमीला मातीच्या दिवशी माझ्याशी फार बोलू नये हे माहीत होतं.

"झाली का?"

"होत आली."

तिने कबरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किटली ठेवून गेली. मी चहा प्यायलो. दुसरा कप ओतला, तोही प्यायलो. समोर पहार पडली होती. मी उठलो नाही.

का उठलो नाही ते सांगतो.

अप्पा, म्हणजे माझे वडील याकोब उबाळे, एकतीस वर्षं या देवळाचे शिपाई होते. शेवटी शेवटी त्यांना साखरेचा आजार जडला. नगरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि गोळी घेतली की खायचं असं बजावलं होतं. एका मातीच्या दिवशी अप्पांनी सकाळी गोळी घेतली आणि कामाच्या घाईत उपाशीच खोदत राहिले. संध्याकाळी पेटी खाली सोडताना त्यांच्या हातातला दोर सुटला. पेटी एका बाजूने कलली आणि आतलं माणूस सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अप्पा काठावर गुडघ्यांवर बसले. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. गुरुजी समोर उभे होते. मयताच्या घरच्यांसमोर ते म्हणाले, "याकोब, तू पिऊन आलायस."

अप्पांनी जन्मात कधी दारू तोंडाला लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गोळ्यांची पुडी घेऊन गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी पुडीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "पिणाऱ्यांच्या घरचे असंच काहीतरी सांगतात." पंचांची बैठक झाली, ठराव गुरुजींनी लिहिला. रविवारच्या उपासनेत अप्पांना उभं केलं आणि तो वाचून दाखवला. एक वर्ष प्रभुभोजन बंद. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट ओळीतून फिरायचं आणि अप्पांच्या पुढून निघून जायचं. ती ताटं आदल्या दिवशी त्यांनीच घासलेली असायची. नवव्या महिन्यात ते गेले. वर्ष पुरं झालं नव्हतं.

त्यांची जागा मी घेतली, कारण आईला घेऊन दुसरीकडे जायला ठिकाण नव्हतं. आठ वर्षं मी गुरुजींना सलाम करत होतो. तेही मान हलवायचे. त्यापलीकडे आमच्यात शब्द नव्हता.

लिंबाखाली बसून मी मनाशी म्हणालो, यांना एवढं बास.

मग उठलो. खाली उतरून तळ साफ केला, बाजू ताशीव केल्या. निघालेली माती लांब न टाकता काठालगत दोन्हीकडे उंच रचली, दाबून घट्ट केली, वर ताडपत्री अंथरली. काठावर उभं राहिलं की खड्डा खोल दिसायचा. हे सगळं मी विचार करून केलं. रागाच्या झटक्यात झालं असं मला म्हणता येणार नाही.

तीनला पाळकसाहेब छत्री घेऊन आले. लांबूनच विचारलं, "सहा फूट झाले ना?"

"झाले, साहेब."

पाचला अख्खं गाव लोटलं. दोर धरायला पुतणे होते, पुण्यात वाढलेले, हे काम कधी न केलेले. चौथा दोर माझ्या हातात. पेटी खाली गेली आणि टेकली. एक पुतण्या हळूच म्हणाला, "लवकर लागली हो."

"खाली खडक आहे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मनोरमाबाई, गुरुजींच्या पत्नी, पुढे आल्या. त्याही शाळेत शिक्षिका होत्या, तिसरीत मी त्यांच्याच वर्गात होतो. त्यांनी मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उन्हात फार त्रास झाला असेल तुला."

मी फावडं उचललं.

पहिला महिना काही झालं नाही. मला वाटलं होतं, जीव हलका होईल. तसं झालं नाही, पण जडही झाला नाही. जून सरता सरता पाऊस लागला आणि ढिगारा खचायला सुरुवात झाली. सगळ्याच कबरी पहिल्या पावसाळ्यात बसतात, तरी ही फारच बसली. जुलैत एके सकाळी गेलो तर डोक्याच्या बाजूला माती उकरलेली. गावातली कुत्री. खड्डा हातभर होता. मी धावत जाऊन दोन घमेली मुरूम आणला, भरला, ठोकला, वर काट्या टाकल्या.

त्या दिवसापासून उजाडलं की आधी त्या कोपऱ्यात जायचो. कधी काट्या सरकलेल्या असायच्या, कधी पुन्हा उकरलेलं. घंटेला उशीर होऊ लागला. जेवताना ताटातला घास मला नको व्हायचा. सालोमीने विचारलं, "अहो, तब्येत बरी नाही का?" मी तिच्यावर खेकसलो. ते कधी नव्हतं झालेलं. आईने आतून ऐकलं.

बाई दर रविवारी उपासनेनंतर कबरीपाशी यायच्या. एका रविवारी त्यांनी विचारलं, "शमुवेल, तू रोज इथे माती टाकतोस म्हणे. पाळकसाहेब सांगत होते."

"पावसानं बसते, बाई."

"शेवंताबाईंची कबर जूनमधलीच आहे. ती नाही बसली."

"इकडची जमीन वेगळी आहे."

त्यांनी कबरीकडे पाहिलं. "तू फार करतोस त्यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. मी वाकून काट्या नीट करत राहिलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंनी निरोप पाठवला. गुरुजींच्या नावाचा दगड नगरहून तयार होऊन आला होता. सोमवारी भिकन गवंडी येईल, उशाशी दोन-अडीच फूट पाया खोदून दगड बसवेल, शमुवेलनं त्याच्या हाताखाली राहावं.

अडीच फूट. पेटीची उंची धरली तर भिकनची पहार थेट तिच्या फळीवर बसली असती.

शनिवारी दुपारी मी बाईंच्या घरी गेलो. त्या स्वयंपाकघरात दूध तापवत होत्या. मी दारातच थांबलो.

"ये. बस."

"नको बाई, उभाच बरा आहे."

"दगडाचं काही सांगायला आलास का? भिकन म्हणत होता, जड वाटतोय."

"सोमवारी पाया खोदू नका."

"का?"

दूध वर आलं, त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि माझ्याकडे वळल्या.

"कबर सहा फूट नाही," मी म्हणालो. "चारच आहे. दोन बोटं कमीच. खडक लागला होता. वडार आणता आले असते, वेळ होता. मी आणले नाहीत. पाळकसाहेबांना खोटं सांगितलं. कुत्री उकरतात, म्हणून रोज माती टाकतो."

बाईंनी पदराने हात पुसले. एक एक बोट पुसलं.

"त्या वेळात काय करत होतास?"

"लिंबाखाली बसलो होतो. चहा प्यायलो."

त्या खाली बसल्या, पाटावर नाही, जमिनीवर. त्यांचं वय तेव्हा सदुसष्ट असेल. त्यांना असं जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"याकोबमुळे," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

मग त्या बोलू लागल्या. "त्यांनाही साखर झाली होती, माहीत आहे तुला? कुणाला सांगू देत नव्हते. दोन वर्षांपूर्वी एक दिवस गोळी घेतली आणि पेपर वाचत बसले, जेवायचं राहून गेलं. मी बाहेरून आले तर तू उभा आहेस तिथे बसले होते, भिंतीला टेकून. घामाने सदरा ओला. हात असे हलत होते. बोलायला जावं तर शब्द फुटेना. मी तोंडात गूळ घातला. जरा वेळाने बरे झाले. आणि पहिला शब्द काय बोलले? 'याकोब.' एवढंच म्हणाले. मग दिवसभर काही नाही."

मी चौकट धरली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हणाले, जा, शमुवेलला सांगा, त्याच्या आईला सांगा. मंडळीपुढे उभं राहून सांगा, तुम्ही त्याला उभं केलं होतं तसं. दोनदा चपला घालून निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. भित्रे होते ते, शमुवेल. चाळीस वर्षं संसार केला म्हणून सांगते. शाळेत एवढा आवाज होता, पण असल्या गोष्टीला भित्रे."

"त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता, बाई."

"हवा होता." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण ते त्यांचं. हे तुझं. त्यांच्या चुकीत तुझी चूक मिसळायला येऊ नकोस माझ्याकडे. मी त्यांची बायको आहे. त्यांना कुत्र्यांनी उकरलं हे मला आत्ता तू सांगितलंस."

मी म्हणालो, "मी उघडून पुन्हा खोदतो. वडार आणतो. दोन दिवसांत सहा फूट करतो."

"नाही. त्यांना दोनदा उचलायचं नाही." त्या विचार करत राहिल्या. "खाली जाता येत नसेल तर वर चढव. दगड लाव, चुना लाव, काय लावायचं ते लाव. त्यांच्यावर दोन फूट कमी आहेत, ते भरून दे. पाळकसाहेबांना तू सांगायचं, मी सांगणार नाही."

"बाई, मला माफ करा."

"आत्ता ते मला येत नाही," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? जा आता. दूध गार होतंय."

पाळकसाहेबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते ऐकत असताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला ओरडावं की काय करावं, त्यांना कळेना. वयाने माझ्याहून लहान होते. शेवटी म्हणाले, "पंचांपुढे न्यायचं की नाही हे बाईंना विचारतो." बाईंनी सांगितलं, नको. तिघांतच राहू दे.

पंचांनी काही शिक्षा केली नाही, कारण त्यांना कळलंच नाही. मग मीच मला बाहेर ठेवलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आलं की मी हात न लावता शेजाऱ्याकडे सरकवायचो. दोन-तीन महिन्यांत लोकांच्या नजरेत आलं. शेवटी गावानं ठरवलं की शमुवेल प्यायला लागलाय, बापावर गेलाय. सालोमीला पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "निदान मला तरी खरं काय ते सांगा." तिला सांगितलं. ती रात्रभर पाठ करून निजली आणि सकाळी भाकरी बांधून दिली, तेव्हा म्हणाली, "आईंना कळू देऊ नका. अप्पांसाठी तुम्ही असं काही केलंत हे ऐकलं तर त्या मरतील." म्हणून मी गप्प राहिलो. अप्पांचं नाव पुन्हा एकदा दारूशी जोडलं गेलं आणि ते माझ्या करणीने.

चौथरा बांधायला ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढा वेळ लागला. दगड मी ओढ्यातून आणायचो, खांद्यावर, दुपारच्या वेळात. भिकन गवंडी म्हणाला, "अरे, एवढा उंच कशाला? राजाची समाधी आहे का?" मी म्हणालो, बाईंची इच्छा आहे. बाई अधूनमधून यायच्या, छत्री उघडून भिंतीवर बसायच्या. बोलायच्या नाहीत. एकदा मी दगड उचलताना तो पायावर निसटला. अंगठ्याचं नख निघालं. त्या उठल्या, पाण्याचा तांब्या आणला, पायावर ओतला आणि पुन्हा जाऊन बसल्या. मी दुसरा दगड घेतला.

एक वर्ष झाल्यावर मी ताटातली भाकर घेतली. कुणी विचारलं नाही. बाईंनी पाहिलं असेल, त्या पलीकडे बायकांत बसल्या होत्या.

त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या. मला नावाने हाक मारायच्या, माझ्या मुलीची पुस्तकं तपासायच्या, आई गेली तेव्हा तीन दिवस आमच्या घरी येऊन बसल्या. पण माफ केलं असं कधी म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही.

गुरुजींचा चौथरा आमच्या दफनभूमीत सगळ्यांत उंच आहे. येणारे लोक थांबतात. पाळकसाहेब बदलून गेले, त्यांच्यानंतर आलेल्या पाळकांना काहीच माहीत नव्हतं. एकदा तरुण संघाची पोरं घेऊन ते फिरत होते, मी पालापाचोळा गोळा करत होतो आणि बाई त्यांच्या भिंतीवर बसल्या होत्या. पाळक पोरांना म्हणाले, "बघा, एका हेडमास्तरवर मंडळीचं किती प्रेम असावं. आपल्या शमुवेलमामांनी एकट्याने दगड वाहून हा चौथरा बांधलाय. मजुरी न घेता. खरं ना, बाई?"

"हो," बाई म्हणाल्या. "शमुवेलनंच बांधलाय."

पोरं माझ्याकडे आदराने बघू लागली. मी खराटा चालवत राहिलो. त्या वेळी जमीन दुभंगून मला आत घेती तर बरं असं झालं होतं. सगळे फाटकातून बाहेर पडल्यावर बाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. गुरुजींच्या डाव्या बाजूची मोकळी जागा काठीने दाखवली.

"मी इथे," त्या म्हणाल्या. "पाळकांना सांगून ठेवलंय, शमुवेलशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मी खराटा भिंतीला टेकवला.

"खडक इथेही असेलच," त्या म्हणाल्या. "माझ्यावर मात्र असलं काही रचायची वेळ आणू नकोस."

त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. मी दोन वडार आणले, आणि त्यांच्यासोबत सकाळपासून संध्याकाळपर्यंत मीही घण मारला. माती दुसऱ्या दिवशी दिली.

त्यांच्यावर काहीही रचलेलं नाही. नुसतं गवत आहे. काम सोडून मला आता सहा वर्षं झाली, तरी ते गवत अजून मीच कापतो.